आधी खुर्ची आखा, मग फरशी घाला

पत्र: "मी दंतवैद्य आहे. सहा वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात काम केलं, आता स्वतःचा सुरू करायचाय. सोलापुरात भवानी पेठेत आमचं आजोबांच्या काळचं घर आहे. पुढे २२ बाय २४ फुटांचं माळवद, भिंती दगड-मातीच्या. मध्ये १० फुटांचं अंगण. मागे २४ बाय ३० फुटांची यंत्रमागाची शेड, वर सिमेंटचे पत्रे. पुढच्या घराचं जोतं रस्त्यापासून दीड फूट उंच आहे आणि शेडची जमीन घरापेक्षा ९ इंच खाली. घराच्या कडेने ४ फुटांचा आमचाच बोळ रस्त्यावरून अंगणात येतो. पूर्वेच्या शेजाऱ्यांचे माग अजून चालतात, आमचे विकले. एक तेवढा वडिलांनी ठेवलाय. आत्ता दोन खुर्च्या आणि पुढे तिसरी, असा विचार आहे. कंत्राटदार म्हणतो, माळवदाखाली सिलिंग करून खुर्च्या तिथेच टाकू, टाइल्स सोमवारी सुरू करतो. वडिलांची इच्छा आहे की राहिलेला माग दवाखान्यात ठेवावा. सुरुवात कुठून करू?" एक वाचक, सोलापूर

उत्तर:

डॉक्टर, सोमवारचं काम थांबवा. कंत्राटदाराला एवढंच सांगा, की खुर्चीच्या कंपनीचा जमिनीचा नकाशा हातात येईपर्यंत फरशीला हात लावायचा नाही.

दुकान किंवा ऑफिस करताना फरशी आधी घातली तरी निभावतं. दातांच्या दवाखान्यात निभावत नाही, कारण प्रत्येक खुर्चीपाशी जमिनीतून सहा गोष्टी वर येतात: दाबाची हवा, पाणी, थुंकीपात्राचं सांडपाणी, सक्शन (तोंडातली लाळ-पाणी ओढून घेणारी नळी), वीज आणि डेटाची केबल. या सगळ्या वहीच्या पानाएवढ्या जागेत याव्या लागतात, आणि ती जागा प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. कुणाची खुर्चीच्या पायाखाली, कुणाची पायाशेजारच्या पेटीत. सहा इंचांची चूक झाली की दोनच वाटा उरतात. एक, नवी टाइल फोडायची. दुसरी, नळ्या फरशीवरून नेऊन वर प्लास्टिकची पट्टी मारायची. मग त्या पट्टीला तुमच्या स्टुलाची चाकं दिवसातून पन्नासदा अडणार, आणि तिच्याखाली साठलेली घाण पुसता येणार नाही. म्हणून पहिली खरेदी खुर्चीची. पैसे आत्ता सगळे देऊ नका, पण मॉडेल पक्कं करा, आगाऊ रक्कम भरा आणि नकाशा मागून घ्या. तिसरी खुर्चीही त्याच मॉडेलची धरून चला.

खुर्च्या माळवदाखाली मात्र नकोत. माळवदावर साधारण फूटभर पांढरी माती असते. ओली नसतानाही तिचं वजन चौरस फुटाला ४५ ते ५० किलो भरतं, आणि तो सगळा भार तुळया आणि किलचांवर (तुळयांवरच्या आडव्या लाकडी पट्ट्यांवर) असतो. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक वाळवी आधी खाते, कारण तिथे ओल असते आणि ते कुणाला दिसत नाही. वर पाऊल पडलं की खाली माती गळते. उघड्या दाताच्या मुळात आणि निर्जंतुक ट्रेवर ती नको, एवढं तुम्हाला सांगायला नको. सिलिंग मारलं की गळणं थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं; दोन पावसाळ्यांनी सिलिंगच खाली येतं. वर काँक्रीट किंवा चायना मोझॅक घालून गळती बंद करू, असंही कुणीतरी सुचवेल. ते करू नका. वजन वाढतं आणि माती-लाकडातली ओल आत कोंडून लाकूड कुजतं. पाण्याची टाकी आणि एसीचं बाहेरचं युनिट यांनाही माळवदावर जागा नाही.

पण हेच माळवद बसायच्या खोलीला उत्तम आहे. सोलापूरच्या ४२-४३ अंशांच्या उन्हाळ्यात जाड भिंती आणि मातीचं छप्पर यांच्याइतकी गार बसण्याची जागा पैसे खर्चूनही मिळणार नाही. तिथे स्वागत, बसायची जागा आणि पेशंटशी बोलायची खोली करा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून प्रत्येक तुळईचं टोक टोचून तपासून घ्या. तुळया उघड्याच ठेवा. किलचांखाली पातळ सिमेंट बोर्ड स्क्रूने बसवला तर माती अडते आणि हवा तेव्हा काढून पाहता येतं. भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि पुट्टी लावू नका. जुन्या दगड-मातीच्या भिंतीत जोत्याला ओल अडवणारा थर नसतो. सिमेंटने तिचा श्वास बंद केला की ओल तीन-चार फूट वर चढते आणि रंगाला फुगे येतात. चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचाच हात द्या.

उपचार सगळे मागच्या शेडमध्ये घ्या. २४ फूट रुंदीची वाटणी अशी बसते: एका बाजूला ११ फूट खोल्यांना, मध्ये ४ फुटांची वाट, दुसऱ्या बाजूला ८ फूट, आणि उरलेला फूट वाटेच्या दोन भिंतींना. ३० फूट लांबीत ९ इंची विटांच्या दोन आडभिंती घातल्या की तीन खोल्या प्रत्येकी साडेनऊ फुटांच्या मिळतात. म्हणजे खोली साडेनऊ बाय अकरा. अकरा फुटांचा हिशेब असा: पेशंटच्या डोक्यामागे दीड फुटाचं कपाट, तुमच्या स्टुलाला दोन फूट, आडवी केलेली खुर्ची सहा ते सव्वासहा फूट, पायाशी सव्वा फूट. तुम्ही उजव्या हाताने काम करत असाल तर पेशंटच्या उजवीकडे चार फूट आणि मदतनिसाच्या बाजूला साडेतीन फूट सोडा. डावखुऱ्या असाल तर उलटं करा, आणि हे खुर्ची मागवतानाच सांगा. या खोल्या पश्चिमेच्या बाजूला घ्या. पूर्वेच्या भिंतीपलीकडे माग चालतात, तो ठोका भिंतीतून आणि जमिनीतून येतो. रूट कॅनॉलसाठी मायक्रोस्कोप घ्यायचा विचार असेल तर तो त्या भिंतीवर टांगू नका. मोठं करून पाहताना दाताचं तोंड थरथरताना दिसेल.

कागदावरच्या मापांवर विसंबू नका. शेडच्या जमिनीवर खडूने खोली आखा, खुर्चीच्या जागी घरातली बाज टाका, तिच्यावर कुणाला तरी झोपवा आणि स्टूल घेऊन सगळ्या बाजूंनी बसून पाहा. मदतनिसाला हातात ट्रे घेऊन वाटेतून आत यायला लावा. अर्ध्या तासाचं काम आहे. मग खुर्चीचा मध्यबिंदू पक्का करून दोन भिंतींपासूनची त्याची अंतरं भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. यापुढचा प्रत्येक मिस्त्री तिथून मोजेल.

आता ९ इंचांची गोष्ट. शेड खाली आहे म्हणून तुम्हाला काळजी वाटत असेल, पण तुमच्या जागेतली सगळ्यात सोयीची बाब हीच आहे. जमीन खोदू नका, ९ इंच वर उचला. मागाखालच्या शहाबादी फरशीत आणि कोब्यात वर्षानुवर्षं तेल मुरलंय. तेलकट जमिनीला सिमेंट किंवा टाइलचा चिकट मसाला धरत नाही. टाइल वर्षभरात पोकळ वाजायला लागते. भर घातली तर जुन्या जमिनीला काही चिकटवायचंच नाही. शहाबादी काढा, मागाचे रुतलेले बोल्ट कापा, जाड प्लास्टिक अंथरा, त्यावर नळ्या, त्यांच्या भोवती वाळू, वर चार-साडेचार इंच मुरूम पाणी मारून ठोकून, मग ४ इंचांचं एम२० दर्जाचं काँक्रीट आणि टाइल. खुर्चीचे बोल्ट या काँक्रीटमध्ये बसतात. खुर्ची आणि त्यात मागे रेललेला पेशंट मिळून तीनशे किलोंच्या वर जातात, त्यामुळे ४ इंचांपेक्षा कमी चालणार नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा: ७ फुटांची दारं सव्वासहाची होतील, म्हणून लिंटेल (दारावरच्या आडव्या तुळया) वर घ्यावी लागतील, आणि भिंतीचा मुरुमाला टेकणारा भाग आधी वॉटरप्रूफ करून घ्यावा लागेल.

जमीन उचलायचं खरं कारण उतार आहे. खुर्चीच्या ५० मिलिमीटर सांडपाण्याच्या नळीला ५० फुटांना १ फूट उतार हवा. मागच्या खोलीतून अंगणातल्या चेंबरपर्यंत ३० फूट, म्हणजे ७ इंच. तिथून ११० मिलिमीटरची नळी १०० फुटांना १ फूट उताराने रस्त्याकडे ३५ फूट, म्हणजे आणखी ४ इंच. एकूण ११ इंच. रस्त्यावरच्या महापालिकेच्या चेंबरचा तळ तुमच्या नळीच्या शेवटच्या टोकापेक्षा खाली आहे का, ते पाण्याच्या लेव्हल नळीने आधी मोजा. पेठांमध्ये रस्ते थरावर थर चढून उंच झालेत, त्यामुळे घरातलं पाणी बाहेर जाण्याऐवजी पावसाळ्यात उलटं आत येतं. हे टाइल्स लावल्यावर कळलं तर उपाय फक्त पंपाचा उरतो.

आता प्रत्येक नळीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच प्लंबर सवयीने चुकतो.

सक्शनची मुख्य नळी ५० मिलिमीटर पीव्हीसी, फाटे ४० चे. उतार पंपाकडे. काटकोनी एल्बो एकही नको. वळण दोन ४५ अंशांच्या तुकड्यांचं घ्या. काटकोनात रक्त, लाळ आणि पॉलिशची पेस्ट साठते, सहा महिन्यांत ओढ निम्मी होते आणि दोष पंपाला दिला जातो. हवेच्या नळीला पीव्हीसी कधीही वापरू नका. दाबाखाली ती चिरत नाही, तुकडे होऊन उडते. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप, आतून गंजतो आणि तो गंज तुमच्या हँडपीसच्या (दात कोरायच्या हातयंत्राच्या) बेअरिंगमध्ये जातो. १५ मिलिमीटर तांबं किंवा हवेच्या दाबासाठी बनवलेला ॲल्युमिनियमच्या थराचा कंपोझिट पाइप घ्या. पाण्याला अर्धा इंची लाइन आणि खुर्चीपाशी अँगल कॉक. विजेचा आणि डेटाचा कंड्युट (वायर ओवायची नळी) वेगवेगळा, आणि प्रत्येक खोलीत एक रिकामा कंड्युट जास्तीचा. तिसऱ्या खोलीतही सगळ्या नळ्या आत्ताच टाका आणि टोकं बूच मारून बंद करा. आत्ता त्याला काही हजार लागतील. नंतर चालू दवाखाना आठ दिवस बंद ठेवून फरशी फोडावी लागेल.

काँक्रीट पडण्याआधी तपासणी झालीच पाहिजे. हवेची लाइन ८ बार दाबाला भरून गेज लावून रात्रभर ठेवा. सकाळी काटा उतरला असेल तर साबणाचं पाणी लावून जोड शोधा. सांडपाण्याची नळी खालून बूच मारून पाण्याने भरा आणि तासभर पातळी बघा. मग प्रत्येक नळीशेजारी टेप ठेवून फोटो काढा. पाच वर्षांनी कुणी फरशीत ड्रिल मारायला आलं की हे फोटोच उपयोगी पडतात. आणखी एक: जुन्या पेठेत उंदीर असतातच आणि खुर्चीच्या पेटीतल्या मऊ नळ्या ते कुरतडतात. जिथे नळी काँक्रीटमधून वर येते ती फट तारेचा काथ्या दाबून वर सिलिकॉनने बंद करा.

कॉम्प्रेसर आणि सक्शनचा पंप अंगणाच्या सावलीच्या कोपऱ्यात, जाळीच्या दाराच्या छोट्या खोलीत ठेवा. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर नको. तिथे उन्हाळ्यात तापमान पन्नाशीकडे जातं, आणि गरम हवेतली वाफ नळीत थंड होऊन पाणी बनते. कॉम्प्रेसर तेलविरहित आणि ड्रायरसह असावा. विक्रेता हॉर्सपॉवर सांगेल. तुम्ही विचारा, ५ बारला मिनिटाला किती लिटर हवा देतो. एका चालत्या खुर्चीला ५० ते ६० लिटर धरा, तीन खुर्च्यांना १८० पर्यंत. सक्शनची सोडलेली हवा जंतूंनी भरलेली असते. ती नळीने छपराच्या वर, कॉम्प्रेसरच्या श्वासापासून दूर सोडा. तुमच्या पेठेत आणखी एक अडचण आहे ती सुताच्या तुसाची. कॉम्प्रेसरचा आणि एसीचा फिल्टर तो महिन्याभरात भरून टाकतो, म्हणून कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्यात साफ करा.

सक्शन पंप घेताना पाण्याच्या कड्यावर चालणारा घेऊ नका. तो मिनिटाला २ ते ४ लिटर पाणी खातो. दिवसात सहा तास चालला तरी किमान ७०० लिटर गटारात. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात हे परवडणारं नाही, आणि योग्यही नाही. कोरडा पंप घ्या. दोन खुर्च्या, हात धुणं, संडास आणि फरशी पुसणं मिळून दिवसाला सातशे लिटर धरून चला. पाच दिवसांआड पाण्याची तयारी ठेवायची तर वर दोन दिवसांची सवड धरून ५,००० लिटरची साठवण लागते. अंगणातला जुना हौद असेल तर आतून दुरुस्त करून, झाकण लावून तो वापरा.

बोअरचं पाणी सरळ खुर्चीला देऊ नका. आपल्याकडचं काळ्या दगडातलं पाणी जड असतं. हँडपीसच्या तोंडाची बारीक भोकं आणि खुर्चीतले व्हॉल्व्ह क्षाराने बुजतात. पाणी थांबलं की बर (हँडपीसचं फिरतं टोक) गरम होतो आणि दाताची नस भाजते. सॉफ्टनर बसवलात तर थुंकीपात्रावर आणि नळांवर बसणारे क्षारांचे थर थांबतील. पण सॉफ्टनर पाण्यात विरघळलेले क्षार कमी करत नाही, फक्त कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो, म्हणून तेही पाणी हँडपीसला आणि ऑटोक्लेव्हला (वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला) नको. हँडपीससाठी खुर्चीला बाटलीची सोय घ्या आणि त्यात आरओचं पाणी भरा, ऑटोक्लेव्हला डिस्टिल्ड. आरओने टाकलेलं पाणी फरशीला आणि फ्लशला जाईल अशी नळी आत्ताच काढा. खुर्चीच्या बारीक नळ्यांत जंतूंचा बुळबुळीत थर बसतो. उपचाराच्या पाण्यात मिलिलिटरला ५०० पेक्षा जास्त जंतुवसाहती नसाव्यात, ही मान्य मर्यादा आहे. त्यासाठी प्रत्येक पेशंटनंतर २०-३० सेकंद पाणी सोडा आणि रात्री बाटली काढून नळ्या कोरड्या करा.

छपराचे सिमेंटचे पत्रे बहुतेक ॲस्बेस्टॉसचे असतील. अभंग असतील तोवर धोका कमी. फोडले, कापले किंवा भोकं पाडली की त्याचे धागे हवेत उडतात आणि फुप्फुसात कायमचे बसतात. म्हणून उतरवताना पाणी मारून ओले करा, हूक कापून अख्खे काढा, कामगारांना साधा रुमाल नव्हे तर योग्य दर्जाचे मास्क द्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळून नियमानुसार विल्हेवाट लावा. तुकडे भरावात टाकायची सवय असते, ते होऊ देऊ नका. वर ५० मिलिमीटरचे पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले) टाका. ते हलके असतात, म्हणून वळवाच्या वाऱ्यात उचलले जाऊ नयेत यासाठी स्क्रू आणि वॉशर दाट हवेत. पफ असेल तर एका खोलीला १ टनाचा एसी पुरतो. फक्त स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, हे विसरू नका. साडेनऊ बाय अकराची, साडेनऊ फूट उंच खोली म्हणजे सुमारे हजार घनफूट. तासाला सहा वेळा हवा बदलायची तर मिनिटाला १०० घनफूट. ६ इंची एक्झॉस्ट पंखा ते करतो, पण ताजी हवा आत यायला फिल्टरची जाळी लागते. सिलिंग उपचाराच्या खोल्यांत चौकटीच्या सुट्या टाइल्सचं नको, सलग आणि पुसता येणारं हवं, एका कोपऱ्यात उघडता येणाऱ्या झाकणासह. टाइल्स मॅट घ्या, सांध्यात इपॉक्सी भरा. दाताची छटा जुळवायची तर दिवे ५,००० ते ५,५०० केल्व्हिनचे, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखे, आणि रंगदर्शन (सीआरआय) ९० च्या वर असलेले घ्या. पिवळ्या दिव्यात जुळवलेला कॅप उन्हात वेगळा दिसतो आणि पेशंट परत येतो.

विजेचं कनेक्शन सर्वात आधी बघा. तुमचं जुनं मीटर यंत्रमागाच्या दरात असेल. त्यावर दवाखाना चालवला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली ते अनधिकृत वापरात मोडतं आणि आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. महावितरणकडे अर्ज करून वर्गवारी बदला आणि भार नव्याने मंजूर करून घ्या. थ्री फेज मात्र सोडू नका. दोन खुर्च्या, कॉम्प्रेसर, सक्शन, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे आणि चार एसी मिळून जोडभार १३-१४ किलोवॅट होतो. ऑटोक्लेव्ह, एक्स-रे आणि कॉम्प्रेसर यांना प्रत्येकी स्वतंत्र लाइन आणि एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच). ऑटोक्लेव्हला ४ चौरस मिलिमीटरची वायर. खुर्च्यांच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). अर्थिंगचे नवे दोन खड्डे घ्या. खडक लवकर लागला तर रोध वाढतो, म्हणून मोजून घ्या, ५ ओहमच्या आत हवा आणि २ च्या आत आला तर उत्तम.

एक्स-रेसाठी शिशाची खोली लागते का, हा प्रश्न पुढे येईलच. दाताचा छोटा एक्स-रे ६० ते ७० किलोव्होल्टचा असतो. नीट बांधलेली, गिलावा केलेली ९ इंची विटांची भिंत त्याला पुरते. म्हणूनच आडभिंती ९ इंची सांगितल्या. जिप्समची भिंत पुरत नाही. रूट कॅनॉल चालू असताना पेशंटला उठवून नेता येत नाही, तेव्हा यंत्र पहिल्या उपचार-खोलीतच लावा. बटण दाबणारी व्यक्ती सहा फूट दूर आणि किरणांच्या रेषेबाहेर उभी राहील अशी जागा ठेवा. यंत्राचा लांब हात भिंतीला मोठा ताण देतो, त्यामुळे साधे फास्टनर निसटतात. भिंतीतून आरपार बोल्ट घेऊन मागे लोखंडी पट्टी द्या. यंत्र घेण्याआधी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर नोंदणी सुरू करा आणि मंडळाची मान्यता असलेलंच मॉडेल घ्या. जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून कागद न बघता उचलू नका. आठ फुटांच्या बाजूला एक ८ बाय ७ ची खोली पुढे ओपीजीसाठी (संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेसाठी) राखून ठेवा.

त्याच बाजूला, पहिल्या दोन खोल्यांच्या समोर, ८ बाय ८ ची निर्जंतुकीकरणाची खोली करा. ओटा एकाच दिशेने चालायला हवा: वापरलेली हत्यारं ठेवायची जागा, सिंक, अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी हत्यारं धुणारं यंत्र), वाळवणं, पाकिटात भरणं, ऑटोक्लेव्ह, आणि शेवटी बंद कपाट. डावीकडून आलेली वस्तू पुन्हा डावीकडे जाता कामा नये. बी क्लासचा २२-२३ लिटरचा ऑटोक्लेव्ह पन्नासेक किलोंचा असतो, त्याच्याखाली ग्रॅनाइटला विटांचा आधार द्या, आणि त्याचं गरम पाणी पीव्हीसीत सोडू नका, नळी वाकते. एक फेरी पाऊण तासाची धरा. दोन खुर्च्यांना हत्यारांचे किमान सहा-सात संच लागतील. मापांचं प्लास्टर जिथे ओताल त्या सिंकखाली गाळ पकडणारा डबा बसवा, नाहीतर ते नळीत दगड होतं. चार रंगांच्या कचऱ्याला वाटेत नव्हे, या खोलीत जागा द्या: रक्ताचा कापूस आणि काढलेले दात पिवळ्यात, सक्शनच्या नळ्या आणि हातमोजे लालमध्ये, सुया आणि बर पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि कचरा नेणाऱ्या यंत्रणेशी करार, दोन्ही उद्‌घाटनाआधी हवेत. वापर बदलासाठी महापालिकेकडे नकाशा देताना शेडच्या मूळ बांधकाम परवानगीचा कागदही शोधून ठेवा.

तुमचा बोळ फार मोलाचा आहे. दीड फूट चढायला १ ला १२ या प्रमाणात १८ फुटांचा उतार लागतो, आणि तो रस्त्यावर करता येत नाही. बोळाची लांबी २४ फूट आहे: रस्त्याकडे ५ फूट सपाट, मग १८ फूट उतार, आणि वर अंगण, तेही जोत्याच्या पातळीला उचललेलं. ४ फूट रुंदी चाकाच्या खुर्चीला पुरते, भिंतीला एक दांडी लावा. घर, अंगण आणि शेड एका पातळीत आले की गुडघे धरून येणाऱ्या आजीलाही दवाखान्यात कुठे पायरी नाही. बोळात आत्ता नहाणीचं चेंबर असेल तर उताराखाली गाडू नका, झाकण वर उचलून घ्या.

राहता राहिला वडिलांचा माग. अख्खा माग आत नको: तो तेल सोडतो, त्याच्या सांध्यांत धूळ बसते, लहान मुलं हात घालतात. अंगणात, उताराच्या वरच्या टोकाला, पावसापासून आडोसा करून त्याला जागा द्या. भर टाकताना खाली काँक्रीटचा वेगळा चौथरा ठेवा, म्हणजे वजन टाइल्सवर येणार नाही. धोटा, कांड्या आणि तुमच्या शेडवर विणलेली एखादी चादर काचेच्या चौकटीत स्वागताच्या भिंतीवर लावा. ती भिंत दगड-मातीची आहे, तेव्हा खिळा दगडात नव्हे, जुन्या कोनाड्याच्या लाकडी चौकटीत मारा. आणि चौकटीमागे अर्धा इंच जागा सोडा, म्हणजे भिंतीची ओल चादरीला लागणार नाही.